घरातल्या सामानातून मुलांचे विज्ञान प्रकल्प: ज्वालामुखी सोडून काहीही सुचवा

चिमणचारा
लेक पाचवीत आहे, पुढच्या आठवड्यात विज्ञान प्रकल्प द्यायचाय. सामान घरातलंच हवं, विकतचं किट चालणार नाही असं स्पष्ट लिहून आलंय (ते मला आवडलंच). नेटवर बघायला गेलं की जिकडे तिकडे तो लाल ज्वालामुखी, नाहीतर थर्माकोलची सूर्यमाला. पोरगी उत्साहात आहे, घरातला प्रत्येक रिकामा डबा "हा मला लागेल" म्हणून तिने ताब्यात घेतलाय. मी कॉमर्सवाली, विज्ञान दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. असं काहीतरी सांगा जे ती स्वतः करू शकेल आणि कोणी प्रश्न विचारला तर उत्तरही तिला स्वतःला देता येईल.

रिकामटेकडा
ज्वालामुखीला का नावं ठेवता हो, आमच्या पिढीचं सगळं विज्ञान त्यावरच उभं आहे ;)

फळा_खडू
ज्वालामुखी वाईट नाहीये, पण तो प्रकल्प नाही, देखावा आहे. फेस आला, टाळ्या वाजल्या, संपलं. प्रकल्प म्हणजे आधी एक प्रश्न पाहिजे, मग त्यात एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं आणि काहीतरी मोजायचं. एवढं केलं ना की तोच ज्वालामुखी झक्कास प्रकल्प होतो. सोडा आणि व्हिनेगर तेच घ्या, फक्त डोंगर बनवू नका. लहान बाटलीत ५० मिली व्हिनेगर घाला, खाण्याचा सोडा फुग्यात भरा, फुगा बाटलीच्या तोंडावर चढवा आणि मग उभा करा म्हणजे सोडा खाली पडेल. फुगा फुगला की सर्वात जाड भागाला दोरा गुंडाळून दोरा पट्टीवर मोजा.

आता प्रश्न असा, की सोडा वाढवत गेलं तर फुगा वाढतच जाईल का? मुलं छातीठोकपणे हो म्हणतात. पण घरातल्या व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड असतं आणि ५० मिलीमधलं सगळं अ‍ॅसिड संपवायला साडेतीन ग्रॅमच्या आसपास सोडा पुरतो. त्याच्यापुढे कितीही घाला, तो नुसता तळाशी बसतो. म्हणजे फुगा वाढत वाढत एका जागी येऊन थांबतो आणि ते थांबणं आलेखावर इतकं स्वच्छ दिसतं की पाचवीच्या मुलालाही विचारावंसं वाटतं, का थांबलं? वायू जास्तीत जास्त एक लिटरच्या आतबाहेर तयार होतो, त्यामुळे फुगा फुटायची भीती नाही.

चिमणचारा
वा, हे छानच आहे की! पण साडेतीन ग्रॅम मोजायचे कसे? घरातल्या काट्याला एवढं कमी कळत नाही.

फळा_खडू
मोजू नका, वाटणी करा. चहाचा एक चमचा सपाट भरून घ्या, वरचा ढीग पट्टीने सरकवून टाका. हा झाला जवळपास ५ ग्रॅम सोडा. तो कागदावर ओता, पट्टीनेच लांबट आयत करा आणि त्याचे चार सारखे भाग पाडा. पहिल्या बाटलीत एक भाग, दुसरीत दोन, तिसरीत तीन, चौथीत चारही. तिसरा आणि चौथा फुगा जवळजवळ सारखे निघायला हवेत. आणि एक, दोन भागांचा फुगा एका भागाच्या दुप्पट दिसणार नाही हं, कारण दोऱ्याने आपण घेर मोजतोय, आतली जागा नाही. याच्यावरून ती गोंधळली तर गोंधळू दे, चांगला गोंधळ आहे तो. फुगे सगळे एकाच पाकिटातले घ्या आणि आधी एकदा तोंडाने फुगवून सैल करून ठेवा, नाहीतर पहिल्यांदा फुगणारा फुगा नेहमी अडून बसतो.

सिंकसम्राज्ञी
वाचनखूण साठवली. फळा_खडू तुम्ही वेगळा धागा काढाच.

लोकरीचा_गुंडा
माझा सगळ्यात लाडका प्रयोग सांगते, खर्च शून्य. मुलाला विचारायचं की बर्फाचा खडा स्वेटरमध्ये गुंडाळला तर लवकर वितळेल की उशिरा. दहातली नऊ मुलं (आणि मोठीसुद्धा) म्हणतात लवकर, कारण स्वेटर गरम असतो ना! आमच्याकडे तर मोठा वाद झाला, धाकट्याचं म्हणणं पडलं की बर्फाला घाम येईल.

आधी स्वेटरच्या घडीत नुसता थर्मामीटर ठेवायला सांगा, तापवाला नाही, खोलीचं तापमान दाखवणारा. खोलीत जेवढं तेवढंच स्वेटरमध्ये, हे बघूनच पोरं चाट पडतात. मग एकाच ट्रेमधले बर्फाचे खडे घ्यायचे, प्रत्येक खडा छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारायची (नाहीतर वितळलेलं पाणी लोकर पिऊन टाकते आणि मोजायला काही उरत नाही), एक उघडा ठेवायचा, एक वर्तमानपत्रात, एक फॉइलमध्ये, एक लोकरीत. अर्ध्या पाऊण तासाने पिशवीचा कोपरा कापून फक्त पाणी औषधाच्या बिनसुईच्या सिरिंजमध्ये ओढायचं. किती मिली वितळलं ते थेट वाचता येतं. लोकरीतलं पाणी सगळ्यात कमी निघतं. स्वेटर उष्णता देत नाही, नुसता अडवतो, मग ती आतून बाहेर जाणारी असो नाहीतर बाहेरून आत येणारी. हे वाक्य मी सांगितलं नव्हतं, मोठीने सिरिंज हातात धरून स्वतःच जुळवलं.

पेंगुळलेला
फॉइलचं काय झालं ते सांगा ना. चमकदार म्हणून जास्त टिकलं का?

लोकरीचा_गुंडा
नाही, एकच थर घट्ट गुंडाळला तर फारसा उपयोग होत नाही, धातूतून उष्णता पटकन जाते. फॉइलला आधी चुरगळून मग गुंडाळलं तर मध्ये हवा अडकते आणि फरक पडतो. हा स्वतंत्र प्रश्न म्हणूनही घेता येईल. आणि पंखा सगळ्यांवर सारखा हवा किंवा बंद हवा. उघड्या खड्यावर वारा लागला की त्याचं पाणी भराभर होतं आणि तुलना फसते.

वाकडी_वाट
लिंबाची बॅटरी कोणीच कशी काढली नाही अजून? माझ्या भाच्याने केली, बल्ब काही लागला नाही, बहिणीने लिंबू बदलून बघितलं, मग बल्ब बदलून बघितला, मग प्रकल्पच बदलला.

फळा_खडू
लागणारच नाही तो. लिंबात तांब्याची तार आणि जस्ताचा थर दिलेला खिळा खोचला की व्होल्टेज मिळतं साधारण ०.९, पण करंट अगदीच किरकोळ, एक मिलीअँपिअर किंवा त्याहून कमी. टॉर्चच्या जुन्या बल्बला त्याच्या शेकडोपट लागतो. लाल एलईडी घ्यायचा, त्याला १.८ व्होल्टच्या आसपास लागतात, म्हणून तीन चार लिंबं एकापुढे एक जोडायची, एकाचं तांबं दुसऱ्याच्या जस्ताला. एलईडीचा लांब पाय तांब्याच्या बाजूला, उलटा जोडला तर ढिम्म. लागला तरी मिणमिणताच लागतो, अंधार करून बघा.

आणि एक गोष्ट जी बहुतेक तक्त्यांवर चुकीची लिहिलेली असते: वीज लिंबातून येत नाही. ऊर्जा येते जस्तातून, जस्त हळूहळू झिजत असतं. लिंबाच्या रसाचं काम मध्ये रस्ता देण्याचं. खात्री करायची तर दोन्हीकडे तांबंच खोचा, लिंबू तेच, रस तोच, मीटर शून्यावर. हा एवढा उलटतपास प्रकल्पात असला की परीक्षक खूश होतो. घरात मल्टिमीटर असेल तर लिंबू, बटाटा, मिठाचं पाणी असं बदलून बघता येईल. ते लिंबू मात्र नंतर फेकून द्यायचं, खायचं नाही, त्यात जस्त उतरलेलं असतं.

आठवी_ब
काका मी आठवीत आहे, आईच्या अकाउंटवरून लिहितोय. मेणबत्तीवर ग्लास उपडा ठेवला की पाणी चढतं तो प्रयोग चालेल का? त्यात ऑक्सिजन २१ टक्के असतो हे सिद्ध होतं ना?

वाकडी_वाट
होतं की, पाणी बरोबर एक पंचमांश चढतं. आम्हाला तसंच शिकवलंय.

फळा_खडू
नाही सिद्ध होत. प्रयोग जरूर कर, पण अशा पद्धतीने कर: आधी एक मेणबत्ती, मग त्याच ग्लासखाली दोन, मग तीन. ऑक्सिजनमुळे पाणी चढत असतं तर तिन्ही वेळा सारखंच चढायला हवं, कारण ग्लास तोच आणि हवा तेवढीच. प्रत्यक्षात मेणबत्त्या वाढल्या की पाणी जास्त चढतं! कारण ज्योतीने आतली हवा तापून फुगते, थोडी ग्लासच्या कडेखालून बाहेर जाते, आणि ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, मग बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. नीट बघितलंस तर सुरुवातीला कडेने बुडबुडे सुटताना दिसतील आणि पाणी मुख्यतः ज्योत विझल्या विझल्या झपकन चढेल. ऑक्सिजन जळताना हळूहळू संपतोय म्हणून चढत असतं तर ज्योत चालू असतानाच संथपणे चढलं असतं. शिवाय ज्योत विझते तेव्हा आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो, आणि जो वापरला गेला त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आलेला असतो.

आठवीसाठी हा एक नंबर प्रकल्प आहे, पुस्तकी समजूत तपासून बघणारा. मेणबत्ती लावताना घरातलं मोठं माणूस जवळ पाहिजे.

वाकडी_वाट
आयला. तीन मेणबत्त्यांचं डोक्यातच आलं नव्हतं कधी.

आठवी_ब
थँक्यू काका. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करू का?

फळा_खडू
कर. ग्लासच्या बाहेर पट्टी चिकटव म्हणजे व्हिडिओतच आकडे दिसतील.

सिंकसम्राज्ञी
मी विज्ञानातली नाही पण एक गोष्ट वाचून इतकी भारी वाटली होती की इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. पाण्यावर मिरपूड भुरभुरवून मध्ये साबणाचं बोट लावलं की मिरपूड पळते, ते सगळ्यांना माहीत आहे. पण पाण्याच्या पृष्ठभागाचं हे जे ताणलेपण आहे, त्यावरचं पायाभूत काम एका बाईने घरच्या स्वयंपाकघरात केलंय. अ‍ॅग्नेस पॉकेल्स, जर्मन, जन्म १८६२. त्या काळी तिकडे मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता, आईवडील आजारी, घर हिच्याच अंगावर. भांडी धुताना तेलकट आणि साबणाचं पाणी कसं वागतं ते तिने बघितलं आणि नुसतं बघून सोडून दिलं नाही. पत्र्याचा उथळ ट्रे, त्यात आडवी सरकणारी पत्र्याची पट्टी, आणि पाण्याला टेकवलेली बटणाएवढी चकती वर ओढायला किती जोर लागतो ते तराजूने मोजायचं. झालं उपकरण. १८९१ मध्ये तिने लॉर्ड रॅले या मोठ्या शास्त्रज्ञाला पत्र लिहिलं, त्यांनी ते स्वतः पुढाकार घेऊन 'नेचर'मध्ये छापून आणलं. ज्यांना विद्यापीठाने दारात उभं केलं नव्हतं त्यांना १९३२ मध्ये मानद डॉक्टरेट मिळाली, तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या.

आता प्रकल्प. नाण्यावर ड्रॉपरने पाण्याचे थेंब टाकत जायचं, सांडेपर्यंत किती मावतात ते मोजायचं. आधी अंदाज लिहून घ्या. मुलं चार पाच म्हणतात आणि पाण्याचा घुमट वर वर फुगत जातो, नाण्याच्या कडेच्याही वर, फुटतच नाही, तेव्हा घरातले सगळे येऊन बघतात. मग साबणाचं पाणी, मिठाचं पाणी, तेल. साबणाचं पाणी फार लवकर ओघळतं. नाणं दरवेळी धुऊन कोरडं करायचं, बोटाचं तेल लागलं तरी आकडा बदलतो. ड्रॉपर एकच, उंची एकच.

रिकामटेकडा
हे वाचून भांडी घासायची इच्छा झाली. गेली लगेच.

चिमणचारा
सिंकसम्राज्ञी, लेकीला वाचून दाखवलं. "बटण कुठलं होतं, शर्टाचं की कोटाचं?" असा प्रश्न आलाय. :)

लंबकर्ण
लोलक राहिला. दोरा, वजन म्हणून नट किंवा किल्ली, आणि मोबाइलचं स्टॉपवॉच, एवढंच. विचारायचं, की जड वजन लावलं तर झोका जलद होईल का? नाही होत. थोडं जास्त लांब ओढून सोडलं तर? छोट्या झोक्यांत तसा फरक पडत नाही. दोरा लांब केला तर? हो! आणि तोही हिशोबात: २५ सेंमी लांबीला वीस झोक्यांना २० सेकंदांच्या आसपास, १०० सेंमीला वीस झोक्यांना ४० सेकंद. लांबी चौपट, वेळ दुप्पट. ह्याच गुणावर ह्यूगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ बनवलं.

दोन ठिकाणी सगळ्यांचंच फसतं म्हणून सांगून ठेवतो. एक, लांबी दोऱ्याच्या गाठीपासून वजनाच्या मध्यापर्यंत मोजायची, वजनाच्या वरच्या टोकापर्यंत नाही. दुसरं, मोजणी. वजन सोडतानाच "एक" म्हणायची सवय असते, म्हणजे "वीस" म्हणेपर्यंत झोके एकोणीसच होतात. सोडताना "शून्य" म्हणायचं. आणि एका झोक्याची वेळ घ्यायला जाऊ नका, बोटाला स्टॉपवॉच दाबायलाच थोडा वेळ लागतो, तो वीस झोक्यांत वाटला गेला की चूक नगण्य होते. मोठ्या मुलांना ह्यावरून गुरुत्व त्वरण काढता येतं, ९.८ च्या अगदी जवळ येतं.

औषधपाणी
मध्येच तोंड घालते, पण धागा लांब व्हायच्या आत हे लिहायलाच हवं. "घरातलं सामान" म्हणजे सुरक्षित असं मुळीच नाही. कपड्यांचं ब्लीच किंवा टॉयलेट क्लीनर घेऊन कसलेही प्रयोग नकोत. ब्लीच आणि व्हिनेगर किंवा कुठलंही अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, ब्लीच आणि अमोनियाही तितकंच वाईट. भिंतीतला प्लग कुठल्याही प्रयोगाला नको, फक्त सेल. बटण सेल लहान भावंडांच्या हाताला लागू देऊ नका, गिळला तर अन्ननलिकेला तासा दोन तासांतच इजा होऊ शकते, "निघेल शौचातून" म्हणत थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल. आणि पाऱ्याचा थर्मामीटर प्रयोगात नकोच. बास, आता चालू द्या.

फळा_खडू
+१००. सोडा व्हिनेगरची बाटलीसुद्धा झाकण घट्ट लावून कधीच हलवायची नाही. फुगा चालतो, कारण तो ताणला जातो.

पेंगुळलेला
हळदीचा इंडिकेटर तर सगळ्यांना येतो, तोच करा की. फिल्टर पेपरला हळदीचं पाणी लावून वाळवायचं, साबणाचं पाणी लावलं की लाल.

गच्चीवरची
चालेल, पण हळद फक्त अल्कली ओळखते. लिंबू लावलं तर पिवळीची पिवळीच राहते, म्हणून मुलं समजतात प्रयोग फसला. जांभळ्या कोबीचं पाणी घेतलं तर दोन्ही बाजू दिसतात, आम्लात लाल गुलाबी आणि अल्कलीत निळं, हिरवं. ओळीने ग्लास मांडले की फोटोही छान येतो.

पण मला सांगायचंय ते वेगळंच, आमच्या घरात सगळ्यात जास्त चर्चा झालेला प्रयोग. सूर्याचा व्यास मोजायचा, पुठ्ठा आणि पट्टी घेऊन. पुठ्ठ्याला एक दोन मिलीमीटरचं भोक पाडा. उन्हात धरा आणि त्याच्या सावलीत लांबवर पांढरा कागद ठेवा. सावलीत एक छोटा गोल प्रकाश दिसतो. तो भोकाचा आकार नाही, तो चक्क सूर्याचं चित्र आहे. पटत नसेल तर भोक चौकोनी किंवा त्रिकोणी करा, दूरच्या कागदावर तरीही गोलच पडतो. झाडाखाली उन्हाचे जे गोल गोल कवडसे पडतात ते हेच.

दोन मीटर अंतरावर हा गोल साधारण १८ मिलीमीटरचा येतो. म्हणजे अंतराच्या मानाने चित्र जवळपास एकशेआठावा भाग. खऱ्या सूर्याचंही प्रमाण तेच, कारण दोन्ही त्रिकोण समरूप. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटरवर, भागिले १०८, आले जवळजवळ १४ लाख किलोमीटर. पट्टीने! समरूप त्रिकोण शिकलेल्या मुलाला हे कागदावर काढून दाखवा, मला तर त्या दिवशी माझाच भूमितीचा धडा पहिल्यांदा उपयोगाला आला. भोकातून सूर्याकडे कोणीही डोळा लावायचा नाही. सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि कागदाकडे बघायचं. कागद उन्हाला काटकोनात धरा, तिरका झाला की गोल लांबोळका होतो आणि माप चुकतं.

लंबकर्ण
हे जबरदस्त आहे. उद्या ऊन पडलं तर करतोच.

चिमणचारा
सगळ्यांचे आभार, लेकीने बर्फ आणि स्वेटर घेतलाय. आता माझी अडचण वेगळी, मी तिथे नुसती उभी राहिले तरी "आई तू करू नकोस" चालू होतं आणि मी निघून गेले की पाणी सगळं फरशीवर. तक्ता कोणी लिहायचा, किती मदत करायची?

फळा_खडू
तक्ता तिने. वाकडा आला तरी तिचाच. सुंदर अक्षरात, रंगीत बॉर्डरवाला तक्ता बघितला की कोणी लिहिला ते लगेच कळतं आणि मग पोराला एकच प्रश्न विचारला तरी सगळा डोलारा खाली येतो. तुम्ही कात्री, चूल आणि गरम पाणी एवढंच सांभाळा. एक मात्र आवर्जून करून घ्या, अंदाज प्रयोगाच्या आधी तारखेसकट लिहून ठेवायचा आणि नंतर खोडायचा नाही. अंदाज चुकला तर तो तसाच लिहायचा. आणि एखादा आकडा विचित्र आला तर "हा चुकलाय" म्हणून गाळायचा नाही, खाली कारण काय असू शकेल ते लिहायचं. पिशवी फाटली, पंखा चालू राहिला, काहीही. मला असल्या वह्या जास्त आवडतात.

उंबरठा
माझी चार वर्षांची आहे, तिच्यासाठी काही?

सिंकसम्राज्ञी
बादलीभर पाणी आणि काय तरंगतं काय बुडतं. मातीचा (म्हणजे खेळायच्या क्लेचा) गोळा बुडतो, त्याचीच होडी केली की तरंगते. टॉवेल घेऊन बसा.

वाकडी_वाट
आता मी एक टाकतो आणि हा कोणी खोडू शकणार नाही. प्लास्टिकच्या बाटलीला एकाखाली एक तीन भोकं. खालच्या भोकातलं पाणी सर्वात लांब जातं, कारण खोलीबरोबर दाब वाढतो. चित्र पाठ आहे मला.

लंबकर्ण
चित्र पाठ आहे, करून बघितलंय का? बाटली जमिनीवर ठेवली तर मधल्या भोकातलं पाणी लांब पडतं.

वाकडी_वाट
काहीही! दाब खाली जास्त असतो की नसतो?

लंबकर्ण
असतो ना. खालून पाणी जोरातच निघतं, पण त्याला पडायला उंचीच नसते, लगेच जमिनीला लागतं. वरच्या भोकाला उंची भरपूर पण जोर कमी. मधल्याला दोन्ही बरं मिळतं. पाण्याची पातळी आणि जमीन यांच्या बरोबर मध्यावर भोक असेल तर सगळ्यात लांब. आणि मध्यापासून सारखंच वर आणि सारखंच खाली अशी दोन भोकं पाडलीत तर दोन्ही धारा एकाच जागी पडतात! हा स्वतःच एक प्रकल्प आहे. भोकं एकाच खिळ्याने पाडा, किंचित आडवी सरकवून, म्हणजे धारा एकमेकांत मिसळणार नाहीत, आणि वरून पाणी ओतत राहून पातळी कायम ठेवा.

वाकडी_वाट
थांबा, बाटली आणतो. सगळं बाथरूममध्ये करतोय.

वाकडी_वाट
केलं. जमिनीवर ठेवून मधली धार लांब जाते, मान्य. पण मी गप्प बसणारा नाही, बाटली स्टुलाच्या कडेवर ठेवली आणि खालची धार सर्वात लांब गेली. म्हणजे चित्रही बरोबर आणि तुम्हीही बरोबर?

लंबकर्ण
स्टूल बाटलीतल्या पाण्यापेक्षा उंच होतं ना, म्हणून. आता खालच्या धारेलाही पडायला भरपूर उंची मिळाली, मग जोर जास्त तिचीच सरशी. चित्रात बाटली कुठे ठेवलीय तेच काढलेलं नसतं. स्टुलाऐवजी पुस्तकांची चळत घेऊन उंची थोडी थोडी वाढवत जा, सुरुवातीला मधली धार पुढे असेल आणि एका उंचीनंतर खालची तिला मागे टाकेल.

वाकडी_वाट
पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत घालू का? बायको बघतेय.

लंबकर्ण
पिशवीत घाला आणि वर पाट ठेवा. पाट सरळ आहे ना ते बघा, बाटली पुढे झुकली की सगळे आकडे चुकतील.